सोसायटीच्या आवारात पाणी तुंबतं म्हणून जमिनीखाली टाकी बांधावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुंबईच्या पश्चिम उपनगरातली अठ्ठावीस वर्षांची सोसायटी, २,४०० चौरस मीटरचा भूखंड, दोन विंग, साठ घरं. समोरचा रस्ता तीन वर्षांपूर्वी काँक्रीटचा झाला आणि तेव्हापासून पाऊस जोरात आला की आवारात गुडघाभर पाणी. एका पुरवठादाराने १ लाख लिटरची भूमिगत टाकी सुचवली आहे. पाणी तुंबणं कायमचं बंद, शिवाय बागेला आणि फ्लशला फुकट पाणी, असं त्याचं म्हणणं. सर्वसाधारण सभेत दोन तट पडलेत आणि सचिव म्हणून तुम्हाला एवढंच हवंय की १ लाख लिटर पुरेल की नाही.

मी पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय. नाले, पर्जन्यजलवाहिन्या, सम्प, पंप. त्या अनुभवावरून सांगतो, ‘पुरेल’ किंवा ‘पुरणार नाही’ असं एका शब्दात उत्तर दिलं तर पुढच्या सभेत तुमचे दोन्ही तट तेच कागद घेऊन पुन्हा भांडतील. टाकीचं माप हा शेवटचा प्रश्न. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: आवारात साचतं ते पाणी मुळात कोणाचं, आणि टाकीत घेतल्यावर ते पुढे कुठे नि केव्हा जाणार. टाकी पाणी अडवून ठेवते, संपवत नाही. हे वाक्य पुरवठादारांच्या माहितीपत्रकात मी कधी वाचलेलं नाही.

आधी अंगणातला हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या २,४०० चौरस मीटरवर एका मिलिमीटरला २,४०० लिटर. गच्ची, पेव्हर ब्लॉक, काँक्रीट अशा जागेवरून शंभरातलं नव्वद वाहून जातं असं धरू, म्हणजे मिलिमीटरमागे २,१६० लिटर. तुमची १ लाख लिटरची टाकी भरायला त्यामुळे साधारण ४६ मिलिमीटर पाऊस लागेल. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड आराखड्याने तो आकडा ५०वर नेला. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस लागला आणि बाहेर काहीच जात नसलं, तर तुमची टाकी तासाभराच्या आत तुडुंब.

सभेत कोणीतरी २६ जुलै काढणारच, तेव्हा तोही हिशेब जवळ ठेवा. २००५च्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. तुमच्या भूखंडापुरतंच ते २० लाख लिटरच्या वर जातं, म्हणजे अशा वीस टाक्या. त्यासाठी कोणी टाकी बांधत नाही आणि बांधूही नये. त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशे मिलिमीटरही झाला नव्हता, हेही सांगा. पाऊस शहरावर सारखा पडत नाही. वर्तमानपत्रातल्या ‘दिवसभरात इतका’ या आकड्यावरूनही टाकीचं माप काढता येत नाही. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार. तेच १२० मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडले तर तुमच्या वॉचमनला छत्रीपलीकडे काही लागत नाही, दोन तासांत पडले तर गाड्या बुडतात. आपल्याला हवा असतो तासाचा, शक्यतो पंधरा मिनिटांचा पाऊस. मुंबईत पालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापन केंद्रं आहेत, जवळच्या केंद्राचे आकडे बघा.

आता मुख्य गोष्टीकडे. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य म्हणजे ‘रस्ता काँक्रीटचा झाल्यापासून’. तीन वर्षांत तुमच्या गच्चीवर पडणारा पाऊस बदललेला नाही, बदलली ती पातळी. जुना रस्ता पुरेसा न खोदता त्यावरच नवा थर चढला की फाटक खाली आणि रस्ता वर, आणि अख्खं आवार बशी होऊन बसतं. असं झालं असेल तर रस्त्याचं पाणीही तुमच्याकडेच येतंय. समजा तुमच्या फाटकाकडे उतार असलेला रस्ता, पदपथ आणि समोरच्या इमारतींचं आवार मिळून १५,००० चौरस मीटर आहे. नुसत्या १० मिलिमीटर पावसाला तिथून १ लाख ३५ हजार लिटर येतील. पावसाच्या पहिल्याच सरीत तुमची टाकी शेजाऱ्यांच्या पाण्याने भरेल आणि तुमच्या स्वतःच्या पाण्याला जागा उरणार नाही. टाकी पाच लाख लिटरची केलीत तरी फरक काही मिनिटांचा.

पाणी कोणाचं हे ओळखायला सल्लागार लागत नाही. मागे एका सोसायटीने मला बोलावलं तेव्हा समितीकडे चाळीस पानांचा अहवाल होता. मला कामाला आलं ते वॉचमनच्या केबिनमधलं दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीचं एक पान. त्या माणसाने दोन पावसाळे फाटकाच्या खांबावर खडूने रेघा मारल्या होत्या आणि वहीत वेळा लिहिल्या होत्या. ‘पाऊस ३:१० ला सुरू. मागच्या चेंबरमधून ३:४० ला पाणी वर. फाटकातून काही नाही. पाऊस ४:३० ला थांबला. पाणी उतरलं ६:१५.’ पाऊस थांबून पावणेदोन तास पाणी हललं नव्हतं. मी भरतीचं वेळापत्रक काढलं. भरतीचा जोर ओसरेपर्यंत पाणी तिथेच उभं होतं. पुढचं सगळं त्या एका पानावरून ठरलं.

तुम्हीही तेच करा. पाणी पहिल्यांदा कुठे दिसतं ते बघा. फाटकातून लोंढा आत येत असेल तर ते रस्त्याचं. आतल्या चेंबरचं झाकण उचलून पाणी वर येत असेल तर पालिकेची वाहिनी भरून ते उलटं येतंय. दोन्ही नसेल आणि पावसाच्या बरोबरीने सगळीकडे हळूहळू पातळी चढत असेल, तर ते तुमचंच पाणी, आणि बहुधा तुमचीच गटारं गाळाने भरलेली आहेत. तिसऱ्या प्रकारात टाकीचा विचारसुद्धा करू नका. आधी गटारं उपसा, वाहिनीत कॅमेरा फिरवून घ्या. मी पाहिलेल्या ‘टाकी हवी’च्या कितीतरी प्रकरणांत बाहेर जाणाऱ्या पाइपमध्ये मुळं, सिमेंटचा राडा नाहीतर इंटरनेटवाल्याने आरपार घातलेली केबल सापडली आहे.

पाणी फाटकातून येत असेल तर इलाज फाटकापाशीच. आत शिरताना एक उंचवटा, त्याच्या बाहेरच्या अंगाला फाटकाच्या पूर्ण रुंदीचा जाळीदार चर, आणि तो चर पालिकेच्या चेंबरला जोडलेला. उंचवटा किती हे ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायचं यंत्र, लावून ठरतं, नजरेने नाही. रस्त्याची, फाटकाची, चेंबरच्या तळाची आणि तळमजल्याच्या जोत्याची पातळी घ्यायला सर्व्हेअरला अर्धा दिवस लागतो. तो कागद हातात नसताना टाकीचं कोटेशन मागवू नका. एक मात्र लक्षात ठेवा, तुम्ही परतवलेलं पाणी कुठेतरी जाणार. शेजारी बैठी चाळ असेल तर त्यांच्याशी आधी बोला. उंचवट्यावरून झालेली भांडणं पोलिस चौकीपर्यंत गेलेली मी पाहिली आहेत, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी चाळवाल्यांचं बरोबर होतं.

उरला दुसरा प्रकार, वाहिनीतून उलटं येणारं पाणी. टाकीचा खरा उपयोग इथे आहे. मुंबईची पातमुखं, म्हणजे वाहिन्यांची शेवटची तोंडं, समुद्राला नाहीतर खाडीला मिळतात. त्यातली बरीच भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, त्यामुळे मोठी भरती असते तेव्हा पाणी बाहेर जायचं थांबतं आणि पाठीमागे तुंबत येतं. अशा ठिकाणी सोसायटीच्या शेवटच्या चेंबरवर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली की बाहेरचं पाणी आत येत नाही. पण झडप मिटली की तुमचं पाणीही बाहेर जात नाही. तेवढ्या वेळात तुमच्या आवारात पडणारा पाऊस ठेवायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे टाकी. तेव्हा टाकीचं माप निघतं ते असं: वाट किती वेळ बंद राहते, आणि तेवढ्या वेळात किती पाऊस धरायचा.

तुमच्यासाठी उदाहरण मांडतो. वाट दोन तास बंद, पाऊस तासाला ४० मिलिमीटर. म्हणजे ८० मिलिमीटर, म्हणजे १ लाख ७३ हजार लिटर. तुमच्या टाकीत १ लाख जातील, ७३ हजार बाहेर राहतील. हे ऐकून सभेत ‘बघा, पुरत नाही’ असा गलका होईल. पण थांबा. इमारती वगळून तुमची मोकळी जागा १,२०० चौरस मीटर धरली तर ते ७३ हजार लिटर म्हणजे आवारात सहा सेंटिमीटर पाणी. पावलं भिजतील, गाड्यांची इंजिनं वाचतील, मीटरच्या खोलीत पाणी जाणार नाही. टाकी नसती तर तेच पाणी साडेचौदा सेंटिमीटर झालं असतं, आणि झडपही नसती तर वाहिनीतून येणाऱ्याची त्यात भर. आज तुमच्याकडे गुडघाभर होतं ते बहुधा अशा बाहेरच्या पाण्यानेच. म्हणून १ लाख लिटर पुरेल का, तर कशासाठी यावर आहे. झडप लावून आणि फाटक नीट करून सहा सेंटिमीटर चालत असेल तर पुरेल. झडपेशिवाय कुठलंच माप पुरणार नाही.

आता बागेच्या आणि फ्लशच्या पाण्याबद्दल. हा मुद्दा ऐकायला गोड आहे आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. पाणी वापरायचं असेल तर टाकी भरलेली हवी, पाणी अडवायचं असेल तर रिकामी हवी. एकाच टाकीला दोन्ही जमत नाही. वापरायला म्हणून ६० हजार लिटर साठवून ठेवलेत की उरलेल्या ४० हजारांत जेमतेम १८ मिलिमीटर पाऊस मावतो. जुलैतली एक सर. शिवाय घरटी चार माणसं आणि फ्लशला माणशी ४५ लिटर धरले तर साठ घरांना रोज ११ हजारांच्या आसपास लागतं. भरलेली टाकी नऊ दिवसांत संपेल आणि ऑक्टोबरनंतर ती भरायला पाऊस नसेल. तुमच्या इमारतीत फ्लशची वेगळी पाइपलाइन नाही, हे अठ्ठावीस वर्षांच्या बांधकामावरून मी न बघता सांगतो; ती घालायचा खर्च कोटेशनमध्ये आहे का ते विचारा. बागेपुरतं हवं असेल तर दहा हजार लिटरची वेगळी टाकी गच्चीच्या पाण्यावर ठेवा. मोठी टाकी जून ते सप्टेंबर रिकामीच राहिली पाहिजे. भरली की पहिल्या संधीला उपसायची.

उपसायची म्हटलं की पुढचा प्रश्न आला. डोंगरउतारावर, पुण्याच्या बाणेर-बावधनसारख्या भागात, टाकीच्या तळातून एक लहान पाइप काढून देता येतो. शंभर मिलिमीटरच्या भोकातून तुमच्या टाकीएवढं, दोन मीटर उंचीचं पाणी साधारण पावणेदोन तासांत आपोआप उतरतं, वीज नको, माणूस नको. मला ही रचना फार आवडते, कारण ती झोपलेल्या वॉचमनवर अवलंबून नसते. तुमच्याकडे ते शक्य दिसत नाही. टाकीचा तळ पालिकेच्या वाहिनीच्या तळाच्या खाली जाणार, म्हणजे पंप आलाच. सेकंदाला २० लिटरचा, तीन एचपीच्या आसपासचा पंप तुमची टाकी दीड तासाच्या आत रिकामी करतो. असे दोन घ्या, एक चालू, एक राखीव. त्यांचं पॅनेल माणसाच्या छातीच्या उंचीवर लावा. सम्पशेजारी जमिनीलगत लावलेली पॅनेलं मी इतकी पाहिली आहेत की आता त्यावर बोलवत नाही. ज्या दिवशी पंप लागतो त्याच दिवशी पॅनेल पाण्याखाली. आणि जनरेटर. मुंबईत वीज क्वचित जाते हे खरं, पण परिसरात पाणी साचलं की वीज कंपनी सुरक्षिततेसाठी पुरवठा बंद करते. अशाच वेळी तुम्हाला पंप हवा असतो.

पंपाचं पाणी कुठे सोडायचं हेही आधी ठरवा. एका ठिकाणी गेलो होतो, दोन पंप जोरात चालू, सेक्रेटरी खुशीत. पाइपचं तोंड फाटकाबाहेर रस्त्यावर. रस्ता वर, फाटक खाली. पाणी बाहेर पडत होतं, वीस फुटांवरून वळून परत आत येत होतं. सोसायटी रात्रभर डिझेल जाळून तेच पाणी गोल फिरवत होती.

हेच गणित मोठ्या मापात बघायचं असेल तर हिंदमाता बघा. दादर-परळचा तो चौक आसपासच्या मानाने खोलगट. ब्रिटानिया उदंचन केंद्र, म्हणजे पाणी समुद्राकडे उपसणारं पालिकेचं पंपिंग स्टेशन, झालं तरी पाणी तिथवर पोचायला वेळ लागतो आणि तोवर चौकात तुंबतं. म्हणून पालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या केल्या. चौकातलं पाणी पंपाने तिकडे न्यायचं, भरती ओसरेपर्यंत धरायचं, मग सोडायचं. लोक विचारतात, एवढं करून पाणी भरतंच ना? भरतं. तशी टाकी पाणी किती वेळ उभं राहतं ते कमी करण्यासाठी असते, आणि तेवढं काम ती पंप वेळेवर चालू झाले तरच करते. २६ मे २०२५ला पाऊस ठरल्या वेळेआधी कोसळला, वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं, आणि हिंदमाता, गांधी मार्केट अशा ठिकाणचे पंप सज्ज नसल्याबद्दल पालिकेने ठेकेदारांना दंड लावला. टाक्या जागेवरच होत्या.

व्हॉट्सॲपवर फिरणारा टोकियोजवळचा भुयारी ‘देवळाचा’ फोटो तुमच्या सभेत दाखवला गेलाच असेल. तो सैतामा प्रांतातल्या कासुकाबेचा. १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद दालन, ५९ अजस्र खांब, २००६ साली पूर्ण झालेलं काम. फोटोत दिसत नाही ते असं की ते दालन म्हणजे त्या रचनेचं शेवटचं टोक. त्यामागे ६.३ किलोमीटरचा बोगदा आहे, लहान नद्यांचं जादा पाणी घेणारे पाच प्रचंड विहिरीसारखे शाफ्ट आहेत, आणि पुढे एदो नदीत सेकंदाला २०० घनमीटरपर्यंत पाणी फेकणारे पंप आहेत. जपान्यांनीही नुसती टाकी बांधून ठेवलेली नाही. पाणी पुढे कुठे सोडायचं ते त्यांच्याकडे आधीपासून ठरलेलं आहे.

आता एक गोष्ट माझ्या चुकीची. आठेक वर्षांपूर्वी खाडीजवळच्या एका सोसायटीत तुमच्याच मापाची काँक्रीटची टाकी चालली होती. बाहेरून दहा मीटर बाय पाच, खोली अडीच. काम लांबलं, जून उजाडला, भोवतीचा खड्डा बुजवायचा राहिला होता, आणि मी ‘चार दिवसांत होईल’ म्हणून सोडून दिलं. रात्री पाऊस झाला. सकाळी सहाला सुपरवायझरचा फोन, “साहेब, टाकी वर आलीय.” मला वाटलं पाणी वर आलंय म्हणतोय. जाऊन बघतो तर टाकीच एका कोपऱ्याला वीतभर उचललेली, होडीसारखी कललेली, आत येणारा पाइप जोडापाशी तुटलेला.

हिशेब शाळेतल्या आर्किमिडीजचा आहे. अशा टाकीने बाजूला सारलेलं पाणी १२५ टन. टाकीचं स्वतःचं वजन, तळ, भिंती, वरचा स्लॅब धरून, ८७ टन. भोवती पाणी काठोकाठ भरलं की ३८ टनांचा फरक, टाकी तरंगणारच. त्या रात्री आत कमरेएवढं पाणी भरून ठेवलं असतं तर ती हलली नसती. आम्ही नंतर पाणी भरलं, ती खाली बसलीही, पण तळाखाली चिखल शिरला होता, सरळ बसली नाही. एक बाजू तोडून पुन्हा करावी लागली. तेव्हापासून तळ भिंतींच्या बाहेर फूटभर काढून त्यावर भराव बसवल्याशिवाय, आणि रिकाम्या टाकीचा उचल हिशेब कागदावर पाहिल्याशिवाय, मी कुठल्याही टाकीवर सही करत नाही. मुंबईच्या सखल भागांत पावसाळ्यात भूजल हातभर खोलीवर येऊ शकतं. तुम्हाला तर टाकी मुद्दाम रिकामी ठेवायची आहे.

तुमच्या पुरवठादाराची टाकी प्लास्टिकच्या खोक्यांची आहे. खोकी रचायची, भोवती पाणी न पाझरणारी ताडपत्री गुंडाळायची, वर माती. काम आठवड्यात होतं, आतली जवळजवळ सगळी जागा पाण्याला मिळते. पण ती काँक्रीटपेक्षा कितीतरी हलकी, म्हणजे तरंगण्याचा धोका जास्त. वर मातीचा पुरेसा थर हवा आणि तेवढी खोली तुमच्याकडे आहे का ते पातळीच्या कागदावरून कळेल. दुसरं, ती गाडीच्या वाटेखाली येत असेल तर अग्निशमन दलाच्या गाडीचा भार घेऊ शकते असं लेखी घ्या. तिसरं माझं वैयक्तिक मत: आत उतरून किंवा सक्शन पाइप घालून जी टाकी नीट साफ करता येत नाही ती मुंबईच्या गाळाला देऊ नये. मी तुमच्या जागी असतो तर काँक्रीटची बांधली असती, आयएस ३३७० या पाणी साठवणाऱ्या बांधकामांच्या मानकाप्रमाणे. जागा फार अडचणीची असेल, खोदायला आठच दिवस मिळणार असतील, तर खोकी. तसं काम मी स्वतःही केलंय.

गाळाचं सांगतो. टाकीआधी गाळ बसायचं वेगळं चेंबर हवंच, त्याला जाळी, आणि ती जाळी हाताने उचलता येईल अशी. गाळ चेंबरमध्ये बसला तर दोन माणसं फावड्याने तासाभरात काढतात. टाकीत गेला तर सक्शनची गाडी. पाला कुजून टाकीत वायू धरतो, म्हणून ‘पावसाचंच तर पाणी आहे’ म्हणत कोणालाही आत उतरवू नका. गटारं आणि मलटाक्यांत माणूस उतरवून धोकादायक सफाई करवून घेण्यावर २०१३पासून कायद्याने बंदी आहे, आणि कुजक्या वायूला टाकी कशाची आहे ते कळत नाही. सफाई मे महिन्यात. डासांसाठी झाकणं घट्ट, हवेच्या पाइपला बारीक जाळी, तळाला सम्पकडे उतार म्हणजे उपसल्यावर थारोळं राहत नाही.

पाणी जमिनीतच जिरवून का टाकू नये, असंही कोणीतरी विचारेल. जागेवर आहे. पुण्या-नाशकाकडे वरच्या मुरमात पाणी चांगलं मुरतं, खाली काळा पाषाण लागला की अडतं. कोकणात जांभ्याला तर पाणी पिण्याची सवयच आहे. तुमचा भाग भरणीचा आणि खाली चिकणमाती असेल तर जुलैत शोषखड्डा म्हणजे नुसतं डबकं. पावसाळ्यात एक मीटरचा खड्डा खणा, पाणी भरा, तासाभराने किती उतरलं बघा. पाच-सहा सेंटिमीटरही उतरलं नाही तर तो विषय सोडा.

माझा सल्ला असा. सगळ्यात आधी मीटरची खोली आणि लिफ्टची पॅनेलं वर उचला, त्याला कोणाच्या परवानगीची वाट बघायला नको. हा एक पावसाळा खडूच्या रेघा, वेळा आणि भरतीचं वेळापत्रक यांची नोंद ठेवा, वॉचमनला त्यासाठी वेगळे पैसे द्या. पातळीचा कागद करून घ्या. फाटक आणि झडप पुढच्या मेपर्यंत. या दोघांनी पाणी घोट्याखाली आलं तर टाकीचे पैसे वाचले, दिवाळीनंतर सभेत वेगळं भांडण काढा.

पुरवठादाराला मात्र एवढ्यात भेटणारच असाल तर रिकाम्या टाकीच्या उचलीचा हिशेब मागा, ऑगस्टमध्ये टाकी भरलेली ठेवायची की रिकामी ते विचारा, आणि पंपाचं पाणी नेमक्या कुठल्या चेंबरमध्ये सोडणार ते जागेवर नेऊन दाखवायला सांगा. साडेचार मीटरच्या भरतीच्या दिवशी, भरतीच्या वेळेला. तेव्हा ते चेंबर आधीच काठोकाठ भरलेलं दिसलं तर कोटेशन तिथेच परत करा.